उचललेला हात

मागच्या महिन्यातली गोष्ट. एका चौकात सिग्नलपाशी पायी उभी होते. शेजारी एक आजोबा येऊन थांबले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून वर आलेले दोन जाड पुस्तकांचे कोपरे, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, सार्वजनिक वाचनालयाकडे कुठून जायचं हो?" वाचनालय म्हणजे माझी नेहमीची जागा. चार वर्षं झाली, पंधरा दिवसांतून एकदा तरी मी तिथे जातेच. कुठल्या खिडकीत दुपारचं ऊन येतं, कुठल्या कपाटाचं दार उघडताना कुरकुरतं, कुठल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, सगळं माहीत. त्यामुळे अगदी उत्साहाने "हो, सांगते ना" म्हणाले आणि उजवा हात उचलला. उचललेला हात तसाच राहिला. समोर चार रस्ते होते आणि त्यांतला कुठला वाचनालयाकडे जातो, हे मला माहीत नव्हतं. घरून निघाले की कुठे वळायचं ते फोन सांगतो, मी वळते, आणि वाचनालय येतं. त्या दिवशी मी घरून निघालेच नव्हते. दुसऱ्या कुठल्या कामावरून आले होते आणि मधल्याच एका चौकात उभी होते. हा चौक माझ्या नेहमीच्या वाटेवर लागतो की नाही, एवढंसुद्धा मला सांगता येईना.

हात खाली घेतला आणि फोन काढला. आजोबा शांतपणे म्हणाले, "फोन माझ्याकडेही आहे. त्यातलं बारीक दिसत नाही मला. तुम्ही इथल्याच वाटलात, म्हणून विचारलं." मी स्क्रीनवर बघून वाचून दाखवलं. सरळ जा, मग दुसरं डावं वळण, मग साडेतीनशे मीटर. त्यांनी विचारलं, "वाटेत काय लागतं?" मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. निळी रेघ होती, बाकी काही नव्हतं. "ते काही नाही कळत यात," असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी मान हलवली, आभार मानले आणि सिग्नल सुटल्यावर हळूहळू पलीकडे गेले. मी मात्र रस्ता ओलांडला नाही. सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा सुटला, तरी मी तिथेच.

तुम्ही इथल्याच वाटलात.

रात्री सगळं आवरल्यावर एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने घर ते वाचनालय असा नकाशा काढायला बसले. घराचा चौकोन काढला, वाचनालयाचा चौकोन काढला. घराजवळची तीन वळणं आली. वाचनालयाजवळची दोन आली, कारण तिथे गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं. मधलं काही येईना. मधे कुठेतरी एक पूल आहे, पण तो नदीवरचा की रेल्वेवरचा? एक मोठी निळी पाटी आहे, पण ती पुलाच्या आधी की नंतर? जेमतेम सहा किलोमीटरचा रस्ता. शंभर वेळा तरी गेले असेन त्यावरून. आणि पाकिटाच्या मधोमध तळहाताएवढी कोरी जागा. फोन नवा होता तेव्हा वाट सापडावी म्हणून मॅप लावायचे. वाट सापडल्यावर पुढे गर्दी कुठे आहे ते कळावं म्हणून लावत राहिले. आणि मग नुसतीच सवय म्हणून. या तीन पायऱ्या मी कधी उतरले, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

त्या कोऱ्या जागेकडे बघताना आईचं बोट आठवलं.

आमच्याकडे गाडी बाबा चालवायचे आणि नकाशा आई वाचायची. पुढच्या सीटवर बसली की ती आधी तो मांडीवर पसरायची. उलगडताना होणारा त्याचा खरखर आवाज म्हणजे आम्हा बहिणींसाठी प्रवास सुरू झाल्याची खूण. पुरता उघडला तर गिअरवर जायचा, म्हणून लागेल तेवढाच भाग वर ठेवून बाकीचा खाली मुडपायचा, हे तिला छान जमायचं. घड्या एकमेकींना जिथे छेदतात तिथे कागद आधी पांढरा पडतो, मग विरतो, मग तिथे भोक पडतं. आमच्या नकाशाला अशी चार भोकं होती आणि त्यांतल्या एका भोकात एक आख्खं गाव गेलेलं. मागून लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून कडक झालेली, बोट फिरवलं की तेवढाच भाग गुळगुळीत लागायचा. नकाशाचं प्रमाण होतं १ : २,५०,०००. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. आईने त्याचा स्वतःपुरता हिशोब बसवून टाकला होता. तिच्या तर्जनीचं एक पेर म्हणजे सहा किलोमीटर. "अजून किती राहिलं?" असं आम्ही विचारलं की ती बोट टेकवत टेकवत जायची आणि सांगायची, "चार पेरं." अजूनही अंतर ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा पेरं येतात.

आणि ती वळणं सांगायची नाही. पुढे काय येणार ते सांगायची. "आता डाव्या हाताला नदी येईल. थोडा वेळ आपल्याबरोबर चालेल, मग आपण ती ओलांडू. ओलांडली की चढ." थोड्या वेळाने म्हणायची, "आता घाट", आणि खरोखरच दहा मिनिटांत गाडीचा आवाज बदलायचा. कागदावरच्या तपकिरी रेघा बघून हिला डोंगर कसा कळतो, याचं मला फार आश्चर्य वाटायचं. एकदा तिने मला मागून पुढे वाकायला लावलं आणि माझं बोट धरून त्या रेघांवरून फिरवलं. समोच्चरेषा हा शब्द शाळेत पुढे खूप उशिरा आला, पण त्यांचा अर्थ मला त्या दिवशीच कळला. "रेघा जवळ जवळ आल्या की चढ उभा. लांब लांब गेल्या की सपाटी. आणि एकाच रेघेवरून चालत राहिलीस तर तुला ना चढ लागेल, ना उतार." चुकायचोही आम्ही. नकाशावर नसलेला नवा रस्ता पुढ्यात यायचा, बाबा वैतागायचे, मग कुठेतरी थांबून उतरून विचारावं लागायचं. नीट कळलं की आई पर्समधली बोटभर पेन्सिल काढायची आणि तो रस्ता नकाशात काढून ठेवायची. तिच्या मते चूक नकाशाची नव्हतीच. नकाशा छापून झाल्यावर रस्ता झाला, त्याला नकाशा काय करणार!

मग फोन आला. बाबांनी हौसेने स्टँड आणून काचेजवळ बसवला. त्या पहिल्या प्रवासात आईने सवयीने नकाशा मांडीवर घेतला होता. "आता नदी येईल..." एवढं ती म्हणाली आणि फोन बोलायला लागला, "आठशे मीटरवर उजवीकडे वळा." ती थांबली. त्याचं बोलून झाल्यावर ती पुन्हा सुरू करेल असं वाटलं, पण तोवर नदी मागे पडली होती. दोन-तीन प्रवासांनंतर नकाशा कपाटात गेला. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी काही बोललंच नाही. बाबांची चिडचिड कमी झाली, वाट चुकणं थांबलं, आम्ही सगळे खूश होतो. आई खिडकीबाहेर बघत बसायला लागली. गाडीत तिचं जे काम होतं ते गेलं, हे इतक्या वर्षांनी, त्या पाकिटापुढे बसल्यावर मला उमगलं. आणि मनाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं धाकट्या बहिणीला सांगितलं. ती ऐकून घेईना. म्हणाली, "ताई, तुला नकाशा वाचता यायचा म्हणून तुला तो आठवतो. मला तो उघडला की अभ्यास न केलेल्या विषयाचा पेपर हातात पडल्यासारखं व्हायचं." तिचं म्हणणं खरं आहे. डावं-उजवं तिला आजही पटकन कळत नाही. लहानपणी उजव्या मनगटाला दोरा बांधून शाळेत जायची. नकाशात उत्तर वर असते आणि आपण दक्षिणेकडे निघालो की कागदावरचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं, ही उलटापालट तिच्या डोक्यात कधीच बसली नाही. गाडी शिकली, पण ओळखीच्या चार रस्त्यांपलीकडे एकटी गेली नाही. सोबत कुणीतरी लागायचंच. ३८ व्या वर्षी फोनवर मॅप लावून ती २४० किलोमीटर एकटी गेली आणि पोचल्यावर तिने मला फोन केला. "ताई, कुणाला न विचारता पोचले." तो आवाज मी विसरणार नाही. "अंधार पडल्यावर," ती आता मला विचारत होती, "अनोळखी रस्त्यावर काच खाली करून कुणालाही वाट विचारायला तुला बरं वाटलं असतं?" नसतं वाटलं. ज्या गोष्टीने आईचा आवाज थांबवला, तिनेच माझ्या बहिणीला दार उघडून दिलं. या दोन्ही बायका माझ्याच आहेत. मी कुणाच्या बाजूने बोलू?

शिवाय फोनवरच्या मॅपमध्ये आपली जागा दाखवणाऱ्या त्या निळ्या ठिपक्यामागे जे चाललेलं असतं ते कळल्यापासून मला त्याच्याबद्दल हलकं बोलवत नाही. उपग्रह आपल्याला वरून बघतो आणि तू इथे आहेस असं सांगतो, असं खूप जणांना वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात जीपीएसच्या उपग्रहाला आपण आहोत हेच ठाऊक नसतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, दिवसाला दोन प्रदक्षिणा घालत, तो एवढंच म्हणत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. खिशातला फोन अशा किमान चार उपग्रहांचं ऐकतो. कुणाचा निरोप पोचायला किती वेळ लागला त्यावरून प्रत्येकाचं अंतर काढतो आणि स्वतःच स्वतःला शोधतो. तीन उपग्रह जागेसाठी. चौथा लागतो तो फोनचं स्वतःचं घड्याळ तेवढं काटेकोर नसतं म्हणून. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची, म्हणजे एका मायक्रोसेकंदाची, गफलत झाली तर जमिनीवर ३०० मीटरचा फरक पडतो. त्यातून त्या उंचीवरची आणि त्या वेगातली घड्याळं आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा हा हिशोब आधीच धरला नसता, तर एकाच दिवसात जवळजवळ १० किलोमीटरची चूक साचली असती. एवढं सगळं घडतं आणि आपल्याला फक्त एक निळा ठिपका दिसतो.

तो आपल्यासारख्यांच्या हाती आला, त्यामागे एक वाट चुकणंच आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचं एक प्रवासी विमान मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की आपल्या लष्करासाठी उभारली जाणारी ही जीपीएस यंत्रणा तयार झाली की नागरी वापरासाठीही खुली राहील. तरीही सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असायची. ती मे २००० मध्ये बंद झाली आणि १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे होणारा ठिपका रस्त्यावर येऊन बसला. आता रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू, भारताची नाविक अशा इतरही यंत्रणा आहेत. इतकी घड्याळं आकाशात माझ्यासाठी चालू होती, त्यांनी मला माझी जागा चार-पाच मीटरांच्या आत सांगितली होती, आणि आजोबांना रस्ता सांगायला माझा हात वळला नाही.

मोटारींना उपग्रह वाट दाखवायला लागले त्याच्याही आधी, १९८५ साली, अमेरिकेत मोटारीत बसवायचं एक दिशादर्शक यंत्र विकायला आलं होतं. चाकांचे सेन्सर आणि होकायंत्र यांवरून ते गाडी कुठवर आली याचा अंदाज बांधायचं, आणि नकाशे असायचे कॅसेटवर. गाडी म्हणजे पडद्यावरचा एक लहानसा बाण. तो जागचा हलायचा नाही, नकाशाच त्याच्याभोवती फिरायचा. त्याचं नाव एटाक. हा शब्द प्रशांत महासागरातल्या नावाड्यांचा. कॅरोलाइन बेटांवरचे दर्यावर्दी असं धरून चालत की आपली होडी ताऱ्यांखाली स्थिर आहे आणि बेटं आपल्याकडे सरकत येतायत. बाजूचं एखादं बेट खुणेला धरायचं. ते एकेका ताऱ्याच्या खालून मागे सरकत जातं, त्यावरून किती पाणी कापलं ते ताडायचं. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. आपण मधोमध, जग भोवती सरकतंय, अगदी फोनवर दिसतं तेच चित्र. पण ते खुणेचं बेट पुष्कळदा क्षितिजाच्या पलीकडे असायचं. दिसायचंच नाही. रात्रभर ते मनातल्या मनात सरकवत ठेवायचं काम नावाड्याचं असे. तिकडच्याच मार्शल बेटांवर नारळाच्या झावळ्यांच्या काड्या बांधून नकाशे करायचे. वाकवलेली काडी म्हणजे बेटाला वळसा घालणारी लाट, कवडी-शिंपला म्हणजे बेट. हे नकाशे होडीत नेत नसत. किनाऱ्यावर बसून पाठ करायचे, घरी ठेवायचे आणि निघायचं. आईचंही तेच होतं बहुतेक. आदल्या रात्री जमिनीवर नकाशा पसरून ती तासभर ओणवी बसलेली असायची. गाडीत तो मांडीवर असायचा खरा, पण ती बघायची बाहेर.

मग माझ्या मनात आलं, की मी उगाच कागद एका बाजूला आणि फोन दुसऱ्या बाजूला ठेवते आहे. १६७५ साली जॉन ओगिल्बी याने इंग्लंड-वेल्समधल्या रस्त्यांचे नकाशे छापले. १०० पानं, एका मैलाला एक इंच असं प्रमाण. त्यात त्याने मुलूख दाखवलाच नाही. प्रत्येक रस्ता एका लांब फितीसारखा काढला, फिती पानावर शेजारी शेजारी मांडल्या, आणि रस्ता वळला तरी फीत सरळच राहावी म्हणून प्रत्येक तुकड्याला वेगळं दिशाचक्र दिलं. रस्ता, त्यावरचे पूल, चढ-उतार, फुटणारे फाटे. फाटा कुठे जातो ते एका शब्दात. पलीकडे कोरं. माझ्या फोनवरची निळी रेघ म्हणजे हेच की! पुढे १९४८ साली एडवर्ड टोलमन या मानसशास्त्रज्ञाने चक्रव्यूहातून वाट काढणाऱ्या उंदरांबद्दल लिहिताना म्हटलं की डोक्यातही दोन तऱ्हेचे नकाशे असतात. एक अरुंद पट्टीसारखा, एक पसरट. नेहमीच्या जागेवरून निघालं तर दोन्ही चालतात. निघायची जागा बदलली की पट्टीवाला अडतो. हे वाचलं तेव्हा मला तो चौक दिसला, चार रस्ते आणि माझा हात. माझ्याकडे पट्टी होती. मी त्या पट्टीच्या बाहेर उभी होते.

फोनमध्ये पसरट नकाशा नाही असं नाही. दोन बोटांनी आवळला की आख्खा खंड दिसतो. पण तळहाताएवढ्या काचेवर लांबचं बघायला गेलं की गावांची नावं पुसली जातात, नावं बघायला गेलं की शेजार नाहीसा होतो. आईच्या नकाशात दोन्ही एकाच वेळी असायचं. आपण जातोय ते गाव आणि आपण कधीच जाणार नाही ती गावं, सारख्याच अक्षरांत. तिकडे डोळा जायचाच. किती गावांची नावं मी त्या मांडीवर वाचली, त्यांतलं एकही पाहिलं नाही, पण ती अमुक नदीच्या वरच्या अंगाला आहेत हे मला आजही माहीत आहे.

कागद म्हणजे सत्य, असं मात्र मी म्हणणार नाही. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवली ती खलाशांच्या सोयीसाठी. दिशा सरळ रेघेत धरता यावी म्हणून. त्यापायी ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसायला लागलं. खरं तर आफ्रिका त्याच्या १४ पट मोठी आहे, आणि माझ्या वर्गातल्या भिंतीवर तेच चुकीचं चित्र दहा वर्षं टांगलेलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला कोरल समुद्रात सँडी नावाचं एक बेट शंभरहून जास्त वर्षं नकाशांवर छापलं जात होतं. पुढे संगणकावरच्या नकाशांतही ते तसंच उतरलं. २०१२ साली एक संशोधन-जहाज तिथे गेलं तर बेट नव्हतंच. खाली हजार मीटरहून खोल पाणी.

खरी काळजी मला वाटते ती आपल्या डोक्याची. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहराच्या मधल्या भागातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यात वर्षं जातात. २००० साली त्यांच्या मेंदूंची तपासणी झाली तेव्हा जागांची स्मृती सांभाळणाऱ्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. २०१७ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लंडनच्या सोहो भागातल्या गल्ल्यांमधून माणसांना पडद्यावर वाट काढायला लावली. स्वतः शोधत होते तेव्हा नव्या गल्लीत शिरताना मेंदूचा हा भाग लखलखून कामाला लागायचा, जितके फाटे जास्त तितका जास्त. यंत्र सांगेल तसं वळताना तो तसा जागा व्हायचा नाही. हे कळल्यावर मला बरंही वाटलं आणि वाईटही. बरं अशासाठी की पाकिटावरच्या त्या कोऱ्या जागेचं कारण माझा विसरभोळेपणा नव्हता. तिथे काही लिहिलंच गेलं नव्हतं. वाईट अशासाठी की शंभर वेळा मी त्या रस्त्यावरून गेले आणि एकदाही तिथे नव्हते.

मागच्या शनिवारी आईकडे गेले. बाबा आता गाडी चालवत नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवरून नकाशा काढला. धूळ आणि जुन्या कागदाचा किंचित आंबूस वास. तिने तो पलंगावर पसरला आणि तळहाताने एकेक घडी सपाट केली. मी तिला जपानच्या कोर्यो मिउरा यांच्या घडीबद्दल सांगितलं. काटकोनात घड्या न घालता किंचित तिरक्या घालायच्या. मग दोन कोपरे धरून ओढले की आख्खा कागद एका झटक्यात उघडतो, तसाच मिटतो, आणि घड्या एकावर एक येत नाहीत म्हणून कागद छेदांवर लवकर विरत नाही. अवकाशयानाचे सौर पंखही अशी घडी घालून नेता येतात. तिने लक्ष देऊन ऐकलं. मग चौथ्या भोकावर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे हे गाव वाचलं असतं." त्या नकाशात तिने पेन्सिलीने काढलेले अकरा रस्ते मी मोजले. काही पुसट झालेत. एका रस्त्याची रेघ मधेच सोडून दिली आहे. "ही पुढे कुठे जाते?" मी विचारलं. "विचारायला कुणी भेटलं नाही तेव्हा," ती म्हणाली.

मी पर्समधून माझं पाकीट काढून तिला दिलं. तिने ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांची गोष्ट सांगितली. तिने मला दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. उठली, पेन्सिल शोधली, तिला टोक केलं आणि म्हणाली, "चल, गाडी काढ."

आम्ही आधी माझ्या घरी गेलो, म्हणजे पहिल्या चौकोनापासून सुरुवात करता येईल. फोन बंद करून मागच्या सीटवर टाकला. पहिली तीन वळणं मी घेतली. त्यानंतर कोरी जागा सुरू झाली आणि माझ्या तळव्यांना घाम आला, खरंच आला. आई सारखी विचारत होती, "आता काय आहे? शाळा? कुठल्या हाताला?" मी सांगायचे, ती लिहायची. एका ठिकाणी मी चुकून अलीकडेच वळले आणि आम्ही एका बंद गल्लीत जाऊन पोचलो. तिने तीही काढली. तिथे भिंतीवर पसरलेला जांभळ्या फुलांचा एक प्रचंड वेल होता. तोही लिहिला. पूल रेल्वेवरचा निघाला. मी नदी म्हणत होते. निळी पाटी पुलाच्या आधी, डाव्या हाताला, जिथून चढ सुरू होतो अगदी तिथे. वाचनालय पुलापलीकडच्या दुसऱ्या वळणावर. आणि तो आजोबांचा चौक माझ्या वाटेवर होता. मी दर वेळी त्याच्या मधून सरळ जात होते. पेन्सिलीचं टोक मोडलं, आईने दाताने लाकूड सोलून ते पुन्हा काढलं. अर्ध्या तासाची वाट आम्हाला सव्वा तास लागली.

परत निघालो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. मी आईला विचारलं, "पाकीट उलटं धरतेस का? आता आपण उलट चाललोय." तिने मान हलवली. उत्तर वरच राहू दे म्हणाली. तर्जनी वाचनालयाच्या चौकोनावर ठेवली आणि गाडी सरकेल तशी खाली सरकवू लागली. चौक गेला. थोडा वेळ दोघी गप्प होतो.

"आता पूल येईल," ती म्हणाली. "रेल्वेचा. ओलांडला की उतार, आणि उतार संपतो तिथे उजव्या हाताला ती निळी पाटी."

मी गाडीचा वेग जरा कमी केला.